चौकटीआडचा हात

ताईचा कॉम्प्युटर बंद पडत नव्हता, तो कोणीतरी बंद पाडत होतं. हे ताईचं मत, आणि ताईचं मत एकदा बनलं की खुद्द ब्रह्मदेव खाली उतरला तरी ते बदलत नसे. ब्रह्मदेवालाही तिने आधी दारातच अडवून विचारलं असतं, तुम्ही इकडे कसे, आणि नेमके आजच कसे?

तसा संशय तिच्या अंगातच होता. दूधवाला माप हलवतो, शेजारीण आपला केर हळूच आमच्या बाजूला लोटते, सुतळीचं बंडल पहिल्याइतकं जाड येत नाही, अशा तक्रारी तिच्याकडे कायम तयार असायच्या. मापाची टेपसुद्धा ती अधूनमधून लोखंडी पट्टीला लावून तपासायची. टेप काय, कापडासारखीच चीज, वापरून सैल पडते, तिच्यावर तरी किती भरवसा ठेवायचा? पण आजवर हा संशय घराच्या उंबऱ्याबाहेर फिरायचा. आत शिरला तो या कॉम्प्युटरच्या पायी.

घरात माणसं दोनच. ताई साठीला टेकलेली आणि तिची धाकटी बहीण पन्नाशी उलटलेली. धाकटीला लहानपणापासून सगळे छोटी म्हणत, ते केस पांढरे झाले तरी सुटलं नव्हतं. एकीचं लग्न झालं नाही, दुसरीचं झालं पण टिकलं नाही, आणि दोघींनी मिळून टिकवलं ते शिवणकामाचं दुकान. घराच्या पुढच्या दोन खोल्या म्हणजेच दुकान. एका खोलीत ताई कापड बेतायची, दुसरीत छोटी ते पायमशीनवर शिवायची; सणासुदीला गर्दी वाढली की ताईही वर्षानुवर्षं मशीनवर बसलेली. ताईच्या कात्रीतून आलेला तुकडा छोटीच्या सुईखाली जायचा, मधे एक भिंत होती आणि भिंतीला लागून बोळ. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं. गिऱ्हाईक आलं की विचारायचं, बहिणी आहेत का घरात? एकीला वेगळं असं कोणी विचारतच नसे.

मग तयार कपड्यांचं युग आलं आणि गिऱ्हाइकं पातळ झाली. त्यातून वाट काढली ताईनेच, हे मान्य करायला हवं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्याला कपड्यांचे खाके कॉम्प्युटरवर काढून हवे होते. ताईने या वयात क्लास लावला. पोरासोरांच्या शेजारी बसून माउस धरायला शिकली. पुढचा भाग, मागचा भाग, मुंढा, बाही, कॉलर, सगळं पडद्यावर रेखायला लागली. तिने खाका काढायचा, छोटीने त्यावरून एक नमुना शिवायचा आणि दोन्ही कारखान्याला पाठवायचं. महिनाअखेरीपर्यंत सगळे खाके बरोबर बसले तर काम कायमचं मिळणार होतं. नाही बसले तर दुकानाला कुलूप. त्यानंतर छोटीला कुठल्यातरी मोठ्या शेडमध्ये रांगेत बसून काजं शिवावी लागली असती, आणि ताईला तर कोणी रांगेतही बसवलं नसतं.

काम ठरवायला ताई एकटीच गेली होती. मॅनेजरने विचारलं, काम कोणाच्या नावावर लिहू? ताईने आपलं नाव सांगितलं. अडचण काही नव्हती, दोन नावं सांगितली असती तर त्याने दोन लिहून घेतली असती. पण कॉम्प्युटर मी शिकले, क्लासला मी गेले, असं काहीसं त्या क्षणी ताईच्या मनात आलं आणि जिभेवर एकच नाव आलं. घरी आल्यावर हे तिने छोटीला सांगितलं नाही. सांगू सावकाश, काम तरी पक्कं होऊ दे, असं तिने स्वतःला समजावलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही.

आणि त्याच आठवड्यात कॉम्प्युटर मरायला लागला.

मरायचा तोही तऱ्हेवाईक. ताई खुर्चीत बसायची, पँटच्या बाजूच्या शिवणीची लांबलचक रेघ ओढायला घ्यायची, रेघ गुडघ्याखाली उतरते न उतरते तोच पडदा काळा. आतल्या पंख्याची घरघर थांबायची. मग तो शहाणा आपणहून पुन्हा सुरू व्हायचा, जसं काही झालंच नाही. ताईची रेघ मात्र गेलेली असायची. कधी रेघ जायची, कधी अख्खा पाय. एकदा तर फाइलच अशी बिघडली की उघडल्यावर शर्टाच्या बाहीला कॉलर चिकटलेली दिसली.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला दोघी बहिणी आपसात 'होऊन-जाईल' म्हणायच्या. काहीही सांगा, तो म्हणायचा, होऊन जाईल मावशी. पहिल्या खेपेला त्याने व्हायरस शोधला. नंतरच्या खेपेला डबा उघडून फुंकणीने आतून कापडाची लव काढली, ती एवढी निघाली की लहान बाळाची उशी भरली असती. रॅमची पट्टी काढून तिचे दात खोडरबराने घासले. पुढे सगळं पुसून नव्याने भरलं. मग विजेचा डबा बदलला. प्लग हलवून पाहिला, तो घट्ट होता. टेबलाखालचा एक्स्टेन्शन बोर्ड ओढून पाहिला, तोही ठीक. आणि प्रत्येक वेळी तो स्वतः खुर्चीत बसून दुपारभर गाणी लावायचा, गाड्यांच्या शर्यती खेळायचा, छोटीने दिलेला चहा प्यायचा. कॉम्प्युटर मजेत. डॉक्टर समोर दिसला की पोरांचं पोट दुखायचं थांबतं, तसलाच प्रकार.

"मावशी, मशीनमध्ये काही दोष नाही," शेवटी तो म्हणाला.

"मशीनमध्ये नाही ना? बघ बरं, नक्की?"

"नक्की."

"मग माणसात आहे," ताई म्हणाली आणि तिने बोळाच्या बाजूला नजर टाकली.

होऊन-जाईलला यात काही कळलं नाही. तो म्हणाला, एक बॅटरीचा डबा बसवून घ्या, मग वीज गेली-आली तरी कॉम्प्युटर चालू राहील, तुमचं काम होऊन जाईल. दुसरं कोणी असतं तर त्याचे पाय धरले असते. ताईने त्याला वाटेला लावलं. बॅटरी बसवली की कॉम्प्युटर मरणार नाही हे खरं, पण मग मारणारा सापडणार कसा? तिला आता दुरुस्ती नको होती, तिला नाव हवं होतं. अशा माणसाला देवसुद्धा वाचवू शकत नाही.

त्या दिवसापासून ताईने खाके कमी आणि पहारा जास्त सुरू केला. तिच्या लक्षात आलेल्या गोष्टी मात्र अगदीच हवेतल्या नव्हत्या. छोटी दुपारी याच कॉम्प्युटरवर पत्ते खेळायची, तेव्हा तो कधी मरत नसे. छोटी बाजारात गेली असली की ताईच्या हाताखालीही तो मरत नसे. तो मरायचा फक्त ताई बसलेली असताना आणि छोटी पलीकडे मशीनवर असताना. ताईने कान देऊन ऐकायला सुरुवात केली, तर आणखी एक गोष्ट सापडली. भिंतीपलीकडे पायमशीनची खडखड चालू असायची. मग ती थांबायची. आणि ती थांबली रे थांबली की इकडे पडदा काळा.

एकदा झालं तर योगायोग म्हणावा. पुन्हा झालं. आणखी पुन्हा झालं. पायमशीनला तर वायरही नव्हती, म्हणजे विजेचा दोष त्याच्याकडून येण्याचा प्रश्न नव्हता. मग मशीन थांबवून छोटी करते काय? उठते. उठून कुठे येते? बोळात. आणि बोळात आली की ताईच्या खोलीचं दार. ताईची पाठ दाराकडे, तोंड खिडकीकडे. दाराच्या चौकटीला लागून आतल्या भिंतीवर कॉम्प्युटरच्या विजेचं बटण. बाहेर उभं राहून नुसता हात आत घातला, बटण खाली, बटण वर, की काम फत्ते. पाऊलही आत टाकायला नको.

हा हात ताईला दिसायला लागला. प्रत्यक्ष कधी दिसला नाही, पण पाठीला दिसायचा. काम करता करता ती गर्रकन मागे वळायची. बोळ रिकामा असायचा, आणि बोळ रिकामा आहे याचाच तिला जास्त राग यायचा. किती चपळ झालीय बया!

पुरावा हवा होता. म्हणून तिने दिवसाढवळ्या खोलीतला दिवा लावून ठेवला. दिवा न जाता कॉम्प्युटर गेला, म्हणजे गडबड घरभराची नाही, तेवढ्याच बटणाची आहे. मग तिने बटणावर शिंप्याच्या खडूची पूड चोळून ठेवली. संध्याकाळी छोटीच्या बोटांना निळा खडू सापडला. पण छोटीच्या बोटांना निळा खडू गेली तीस वर्षं सापडत होता, त्यामुळे ते प्रकरण फुसकं ठरलं. मग तिने दारात गुडघ्याच्या उंचीवर शिवणीचा एक दोरा बांधला. दोरा तुटलेला मिळाला. तुटला तो छोटी चहा घेऊन आली तेव्हा, ताईच्या डोळ्यांदेखत. छोटीने खाली पाहिलं, साडीला गुंतलेला दोरा सोडवला आणि विचारलं, "हे काय गं?"

"कुठं काय."

"दारात दोरा कोणी बांधला?"

"मला काय माहीत? या घरात काय काय होतं हे मला हल्ली कळेनासंच झालंय."

मग छोटी कप टेबलावर ठेवून म्हणाली, "ताई, तुला झोप लागत नाही का नीट?"

एवढा साधा प्रश्न, पण ताईच्या मनात लगेच शंकेची पाल चुकचुकली. माझ्या झोपेची चौकशी आजच का? मी झोपलेली बरी, असं कोणाला वाटतंय? कप गार होईपर्यंत तिने चहाला तोंड लावलं नाही.

तिला कारण कळत नव्हतं असंही नाही. उलट फार नीट कळत होतं. छोटीला नावाचं कळलंय. कारखान्यातून कोणीतरी बोललं असणार. आता ती तोंडाने काही बोलणार नाही, तिचा स्वभावच नाही तो. ती गप्प राहून काम बुडवणार, म्हणजे ना तुझं नाव ना माझं. कुठंतरी पाणी मुरतंय, असं ताई स्वतःशी म्हणायची, आणि ते पाणी तिनेच सोडलंय हे तिला पुरतं ठाऊक होतं. म्हणूनच तिला विचारता येत नव्हतं. विचारलं असतं की तू बटण बंद करतेस का, तर छोटी म्हणाली असती, मी कशाला करू? आणि त्याचं उत्तर द्यायचं तर आधी नावाचं सांगावं लागलं असतं.

महिनाअखेर जवळ आली. पँटचा खाका अजून गुडघ्यातच अडकलेला. एका सकाळी ताईने आपला मोबाइल कापडाच्या मांडणीच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, दोन ताग्यांच्या मधे उभा केला. तिथून दार दिसत होतं, चौकट दिसत होती, बटण दिसत होतं, आणि या बाजूला खुर्चीतली ताई. कॅमेरा सुरू केला, वर अस्तराचा एक तुकडा टाकला, आणि ती काही न झाल्यासारखी कामाला बसली. पलीकडे छोटीचं मशीन सुरू झालं. ताईने बाजूच्या शिवणीची रेघ धरली. कमरेपासून खाली, मांडी, गुडघा. पलीकडची खडखड थांबली. पडदा काळा.

ताई खुर्चीतून उडालीच. तिने मोबाइल उचलला आणि छातीशी धरला. पण पाहिला नाही. एकटीने पाहिला तर उद्या म्हणतील हिनेच काहीतरी जोडलं, कापलं. जे काही आहे ते सगळ्यांसमोर उघडं व्हायला हवं. तिने तिथूनच दादाला फोन लावला.

दादा म्हणजे दोघींचा थोरला भाऊ. पलीकडच्या गल्लीत राहायचा. नोकरीभर वजनमापं तपासत बाजार हिंडला होता आणि निवृत्त झाल्यावरही कोणाचं खोटं पकडायची संधी सोडत नसे. कुठल्या दुकानदाराने तागडीखाली चिंच चिकटवली होती, ही कथा तो अजून रंगवून सांगायचा. तो आला, कोट काढला, खुर्ची ओढून मधोमध बसला.

"बोल. काय प्रकरण आहे?"

"छोटीलाही बोलव," ताई म्हणाली.

छोटी आली. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेला अंगुस्ताना तसाच. "दादा? आज कसा काय वाट चुकलास?"

"मी बोलावलं," ताई म्हणाली. मागे हटायची वेळ निघून गेली होती. "दादा, महिनाभर माझा कॉम्प्युटर कोणीतरी बंद पाडतंय. दुरुस्तीवाल्याच्या हाताखाली तो मरत नाही, माझ्याच हाताखाली मरतो. पलीकडचं शिवणमशीन थांबतं आणि कॉम्प्युटर जातो. दरवेळी. मशीन कोणाचं ते मी सांगायला नको. आज मी मोबाइल लावून ठेवला होता. त्यात सगळं आलंय. मी अजून पाहिलेलं नाही. तुम्हा दोघांसमोर पाहणार."

छोटीने अंगुस्ताना बोटातून काढला आणि मुठीत धरला. तिचा चेहरा पांढरा पडला तो ताईने पाहिला, आणि मनात म्हणाली, बघ, पडला की नाही?

"लाव," छोटी म्हणाली.

मोबाइलवर आधी ताईचंच मोठं तोंड दिसलं, मग हात, मग अस्तराची कड. त्यानंतर रिकामं दार. चौकट. बटण. ताई खुर्चीत बसलेली, टेबलाखाली तिचे पाय, सपाता घातलेले. बराच वेळ काहीच नाही. दादा पुढे वाकून बटणावर नजर रोखून होता, जणू तागडीचा काटाच. मग मोबाइलमधून पायमशीनची खडखड ऐकू यायला लागली.

"आता बघ हं दादा," ताई कुजबुजली. "आता थांबेल."

"हे काय चाललंय?" दादा म्हणाला.

"कुठे? दारात?"

"दारात नव्हे. खाली. टेबलाखाली."

टेबलाखाली ताईचे पाय चालायला लागले होते. टाच, चवडा, टाच, चवडा. भिंतीपलीकडे छोटीचं मशीन ज्या ठेक्यात चाललं होतं, त्याच ठेक्यात इकडे ताई एक्स्टेन्शन बोर्डावर पायडल मारत होती. वर पडद्यावर तिची रेघ सरकत होती, चेहरा शांत, ओठ किंचित दुमडलेले, लांब सरळ शिवण मारताना दुमडायचे तसेच. पलीकडची शिवण संपली. छोटीने चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं असणार. त्याच क्षणी ताईने, मशीन थांबवायला पायडलवर टाच रोवावी, तशी आपली टाच प्लगच्या डोक्यावर रोवली. प्लग कलला. पडदा काळा. टाच उचलली, प्लग जागेवर. कॉम्प्युटर सुरू.

दार रिकामंच होतं. कोणी आलं नाही, कोणाचा हात आला नाही.

दादा आधी हं म्हणाला, मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि मग तो असा हसला की खोकल्याची उबळ आली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! अगं, त्या दुरुस्तीवाल्याचे पाय कधी शिलाईला बसलेत? त्याच्या हाताखाली मरेलच कसा तो!"

ताईचे कान तापले होते. पण संशय असा सहजासहजी घर सोडत नाही. "हे आजचं झालं," ती म्हणाली. "एकदा लागला असेल पाय. बाकीच्या वेळी काय होतं ते कोणी पाहिलंय?"

छोटी उठली. आपल्या खोलीत गेली. दादा बसल्या जागेवरून खाली उतरला आणि टेबलाखाली डोकं घालून बसला. "बस खुर्चीत," त्याने ताईला सांगितलं. "रेघ ओढ."

"आता मला माहीत आहे ना. आता पाय कसा हलेल?"

"बस म्हणतो ना."

ताई बसली. दोन्ही पावलं तिने जमिनीवर घट्ट दाबून ठेवली. पलीकडे खडखड सुरू झाली. ताईने रेघ धरली, पहिल्यांदा पायांकडे लक्ष ठेवून, मग रेघेकडे, कारण गुडघ्याशी रेघ बाकदार करावी लागते आणि तिथे लक्ष द्यावंच लागतं. कमर, मांडी, गुडघा. खडखड थांबली.

पडदा काळा.

"आता तरी?" टेबलाखालून दादा म्हणाला.

ताईला तोंड कुठे लपवू असं झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्या पुराव्यासाठी तिने भावाला बोलावून बसवलं, तोच पुरावा तिच्या पायात निघाला. पण लाजेच्या खालून एक हलकेपणाही वर येत होता. कोणी नव्हतं. छोटी नव्हती. महिनाभर जो हात तिच्या पाठीवर फिरत होता तो कोणाचाच नव्हता. तिला एकदम रडू फुटलं, आणि रडता रडता ती हसायलाही लागली. "अगं छोटे, ये इकडे! अगं तूच गं, तूच करत होतीस! तुझ्या मशीनच्या ठेक्यावर माझा पाय..."

छोटी दारात येऊन उभी राहिली. ती हसत नव्हती.

"पाय दिसला," ती म्हणाली. "पण ताई, कॅमेरा कोणासाठी लावला होतास?"

दादा कोट शोधायला लागला. जिथे वजनं बरोबर नाहीत ते त्याला लगेच कळायचं, आणि इथे आता आपलं काम नाही हेही कळलं. तो गेला. खोटं बोलायला हजार वाटा होत्या. चोरासाठी, होऊन-जाईलसाठी, उगीच आपलं. पण मोबाइल अजून तिच्या हातात होता, आणि त्यात चौकट होती, बटण होतं, आणि ज्या हाताची ती वाट पाहत होती त्याची रिकामी जागा होती.

"तुझ्यासाठी," ताई म्हणाली.

"मी कशाला बंद पाडू?"

आला तो प्रश्न. महिनाभर ती ज्याला चुकवत होती तोच.

"काम मी माझ्या एकटीच्या नावावर लिहिलंय," ताई म्हणाली. "तुला सांगितलं नाही. मला वाटलं तुला कळलं असेल. आणि कळलं म्हणून तू..." तिने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. "चुकलं माझं. फार चुकलं गं."

"कळलंय की," छोटी म्हणाली. "कारखान्यातून नमुन्याचं पहिलं कापड आलं ना, त्या गठ्ठ्यावर तुझ्या एकटीचं नाव होतं. तेव्हाच कळलं."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"मला वाटलं, राहिलं असेल तुझ्याकडून सांगायचं. घाईत होतीस. सांगशील सवडीने." तिने मुठीतला अंगुस्ताना पुन्हा बोटात घातला. "मी कशाला काही वाईट धरू? तू ताई आहेस."

एवढं बोलून ती आपल्या खोलीत गेली आणि थोड्या वेळाने तिचं मशीन सुरू झालं. ताई खुर्चीत तशीच बसून राहिली. छोटीने दोन शिव्या दिल्या असत्या, भांडी आपटली असती, दादाला थांबवून गाऱ्हाणं केलं असतं, तर ताईला बरं वाटलं असतं. भांडणाला उत्तर देता येतं. याला काय उत्तर द्यायचं?

होऊन-जाईल येऊन बोर्ड भिंतीवर वर बसवून गेला. त्याला खरं कारण कोणी सांगितलं नाही. त्यानंतर कॉम्प्युटर एकदाही मेला नाही. ताईचे पाय अजूनही भिंतीपलीकडच्या ठेक्यावर चालतात, पण आता टाचेखाली फक्त फरशी असते. पँटचा खाका गुडघ्याखाली उतरला, घोट्यापर्यंत पोचला, वेळेत गेला. काम पक्कं झालं. ताई स्वतः कारखान्यात जाऊन दुसरं नाव लिहून आली, आणि मॅनेजरसमोर ते मोठ्याने वाचून घेतलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा छोटी म्हणाली, "एवढ्या उन्हात कशाला गेलीस, फोनवर झालं असतं." दोघी एकत्र जेवतात. दादाची तागडीची गोष्ट ऐकून एकत्र हसतात. घरात अबोला नाही, रुसवा नाही, बोट ठेवावं असं काही नाही.

फक्त छोटी आता ताईच्या खोलीत येताना बाहेर थांबते. दार सताड उघडं असतं. तरी ती चौकटीवर बोटाने हळूच टकटक करते, हातातला कप सांभाळत.

"अगं, आपल्याच घरात कसली टकटक?" ताई म्हणते. "सरळ येत जा ना."

"हो," छोटी म्हणते.

आणि पुढच्या वेळी पुन्हा बाहेर उभी राहते. ताई मागे वळून 'ये' म्हणेपर्यंत ती चौकटीच्या आत बोटसुद्धा घालत नाही.